जुन्या कॅप्रिसचे मध्येच बंद पडणे कसे थांबले

अमेरिकेतील ओहायो राज्यात राहत असताना, निव्वळ हौसेखातर, मी १९७८ ची शेव्हरोले कॅप्रिस स्वस्तात विकत घेतली. ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन असलेली ही ऐसपैस गाडी कित्येक वर्षे शेडमध्ये नुसती उभी होती. गाडी पटकन सुरू होई, गल्लीत उत्तम चाले. मात्र हमरस्त्यावर दहा मिनिटांत बंद पडे आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होई.

आधी मी स्पार्क प्लग बदलले, पण उपयोग झाला नाही. मग क्वाड्राजेट कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) तोंडाशी, मोठ्या नटाच्या आत असलेला छोटा फिल्टर काढला, तर तो तपकिरी गंजाने भरलेला होता. (हा नट सोडवताना दोन पाने वापरावेत, नाहीतर पेट्रोलची नळी पिळवटते.) नवा फिल्टर दोनच दिवस टिकला, तेव्हा दोष टाकीत आहे हे उमगले. इंजिनाची ओढ वाढली की टाकीतील गंज शोषनळीच्या जाळीवर चिकटे आणि इंजिन थांबताच गळून पडे. विश्रांतीनंतर गाडी सुरू होण्याचे कारण हेच होते.

बॅटरीची जोडणी काढून, उघड्यावर टाकी रिकामी केली, पट्टे सोडवून ती उतरवली आणि नवी टाकी, नवी जाळी व इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणाऱ्या रबरी नळ्या बसवल्या. त्यानंतर गाडी एकदाही वाटेत थांबलेली नाही. आता हिवाळ्यापूर्वी, बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजलेल्या ब्रेकच्या नळ्या बदलायच्या आहेत.