जामीनदार म्हणून सही करण्याआधी

"तू नुसती सही कर, हप्ते मीच भरणार," म्हणत मेहुणा पतसंस्थेचा फॉर्म पुढे सरकवतो. चहा होईपर्यंत तो वाचून काढा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' हे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच ते स्पष्ट केलंय.

फॉर्ममध्ये 'कंटिन्युइंग गॅरंटी' (चालू राहणारी हमी) हे शब्द शोधा. धंद्याच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे लागतील तसे पैसे उचलायच्या-भरायच्या कर्जखात्याला, ते बहुतेक असतातच. आज खातं शून्यावर आलं तरी उद्याच्या उचलीलाही तुम्ही बांधलेले! कलम १३० नुसार नोटीस देऊन अशी हमी पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते, झालेली उचल मात्र मानेवर राहतेच. नोटीस लेखीच द्या आणि पोच घ्या.

कर्जाची रक्कम कोरी ठेवलेल्या फॉर्मवर सही नको, मेहुणा रुसला तरी. आणि भरायची वेळ आलीच, तर पावती स्वतःच्या नावाने घ्या. कलम १४० मुळे त्या रकमेसाठी कर्ज देणाऱ्याचे हक्क तुमच्याकडे येतात, तारणासकट.