खासगी पार्किंगचा दावा कोर्टात लढवायचा असेल तर

खासगी पार्किंग कंपनीने माझ्यावर केलेल्या दाव्याच्या काउंटी कोर्टातील सुनावणीत न्यायाधीशांनी मला विचारले की, ज्या फोटोविषयी आपण बोलत आहात तो कोणत्या पानावर आहे. फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. पान कुठलेच नव्हते, कारण सुनावणीपूर्वी पुराव्यांसह जे विटनेस स्टेटमेंट, म्हणजे साक्षीदाराचे सही केलेले लेखी निवेदन, दाखल करायचे असते ते मी दाखल केलेच नव्हते. समोरच्या वकिलाने आक्षेप घेतला, तो मान्य झाला, आणि डिसेंबरमधल्या संध्याकाळी पावणेसहाला वाहनतळावरचा सूचनाफलक नुसता काळा चौकोन दिसत होता हे दाखवणारा माझा एकमेव पुरावा न पाहताच निकाल लागला. कंपनीच्या कागदांत त्याच फलकाचा भर दुपारी, लख्ख उन्हात काढलेला फोटो होता आणि न्यायाधीशांपुढे तेवढा एकच फोटो होता. मुळात १०० पौंडांची असलेली मागणी वसुलीखर्च, व्याज, कोर्ट फी आणि वकिलाची ठरावीक रक्कम धरून २६० पौंडांच्या घरात गेली आणि ती मला भरावी लागली. ही वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून ही तयारी लिहून काढली आहे. ती इंग्लंड आणि वेल्स यांच्यापुरतीच आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील कायदा वेगळा आहे.

आधी हातातला कागद नीट वाचावा. नगरपालिकेची नोटीस ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ असते आणि तिचा मार्ग वेगळा असतो. खासगी कंपनीची नोटीस ‘पार्किंग चार्ज नोटीस’ असते. तो सरकारी दंड नसून कराराच्या आधारे केलेली पैशांची मागणी असते. पोलिसांशी आणि फौजदारी गुन्ह्याशी तिचा काही संबंध नसतो. नव्याने आलेली आपली कितीतरी माणसे केवळ कोर्ट या शब्दाला घाबरून पैसे भरून टाकतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले. वसुली करणाऱ्या संस्थांची लाल अक्षरांतली पत्रे फाइलमध्ये ठेवून द्यावीत. त्यांना घरी येऊन सामान जप्त करण्याचा अधिकार नसतो. मात्र दोन कागदांकडे कधीही दुर्लक्ष करू नये. पहिला म्हणजे लेटर ऑफ क्लेम, म्हणजे दावा करण्यापूर्वीचे इशारापत्र, ज्याला उत्तर देण्यासाठी ३० दिवस मिळतात, आणि दुसरा म्हणजे दावा दाखल झाल्यावर येणारा कोर्टाचा क्लेम फॉर्म.

हे दोन्ही कागद आपल्यापर्यंत पोहोचतील याची व्यवस्था आपणच करायची असते. कंपनीला आपला पत्ता डीव्हीएलए या वाहननोंदणी खात्याकडून मिळतो, आणि आपण तर भाड्याची घरे दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतो. व्ही५सी या गाडीच्या नोंदणीपत्रावरचा पत्ता बदललेला नसेल तर क्लेम फॉर्म जुन्या घरी जातो, मुदत उलटते आणि एकतर्फी निकाल लागतो. तो रद्द करून घेण्याच्या अर्जाची फी मूळ मागणीपेक्षाही जास्त असते, आणि निकालाची नोंद सहा वर्षे राहून घराचे कर्ज मागताना पुढे येते. पत्ता डीव्हीएलएकडे बदलावाच, शिवाय वाद सुरू असलेल्या कंपनीला आणि तिच्या वकिलांनाही नवा पत्ता ईमेलने वेगळा कळवावा. सुट्टीत महिनाभर पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणार असाल तर पत्रपेटी रोज पाहील असा शेजारी शोधावा आणि सरकारी दिसणारा प्रत्येक लिफाफा उघडून त्याचा फोटो पाठवायला त्याला सांगावे. परत आल्यावर बघू म्हणणे इथे महाग पडते.

पुरावे पहिल्याच आठवड्यात गोळा करावेत. पावती, बँकेची नोंद, पार्किंगच्या ॲपवरील व्यवहार हे कोणीही ठेवतेच. फोटोंचे मात्र तसे नसते. घटना ज्या वेळी घडली त्याच वेळी, शक्य असेल तर तशाच अंधारात किंवा पावसात तिथे पुन्हा जावे. प्रवेशद्वारातून आत शिरताना चालकाच्या जागेवरून फलक कसा दिसतो, गाडी उभी होती तिथून सर्वांत जवळचा फलक किती पावलांवर आहे, त्यावरचा दिवा चालू आहे का आणि पैशांचा आकडा किती बारीक अक्षरांत छापला आहे, हे सगळे टिपावे. महिन्याभराने गेल्यास फलक बदललेले असू शकतात. हे फोटो मोबाइलमध्ये पडून राहिले तर त्यांचा काहीही उपयोग नाही. ते विटनेस स्टेटमेंटला जोडायचे आहेत. म्हणून काढले त्याच दिवशी संगणकावर उतरवून त्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवावी.

त्याच आठवड्यात कंपनीकडे सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे तिच्याकडे असलेली आपली माहिती मागणारा अर्ज, पाठवावी. ती विनामूल्य असते आणि सामान्यतः एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. आपल्याविषयीचे सर्व फोटो, पाठवलेल्या सर्व नोटिसा आणि गाडीच्या क्रमांकाची पैसे भरण्याच्या यंत्रातील नोंद तिच्यात मागावी. स्वयंचलित कॅमेरे गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ टिपतात, ती उभी राहिल्याची नव्हे. जागा शोधण्यात आणि बाहेर पडण्याच्या रांगेत गेलेली मिनिटेही त्यात मोजली जातात, हे ध्यानात ठेवावे.

गाडी कोण चालवत होते हे विनाकारण लिहून देऊ नये. वाहनाच्या नोंदणीकृत धारकाकडून पैसे मागण्याची सोय प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२ च्या चौथ्या परिशिष्टात आहे, पण ती अटींवर आहे. काचेवर नोटीस न लावता केवळ कॅमेऱ्यावरून मागणी केली असेल तर धारकाला पाठवलेली नोटीस घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत पोहोचलेली असावी लागते. काचेवर नोटीस लावली असेल तर हिशेब वेगळा असतो. विमानतळ आणि रेल्वे यांच्या स्वतःच्या उपविधींखालील जमिनीला ही सोय लागू होत नाही. म्हणून लिफाफा फेकू नये आणि नोटिशीवरच्या तारखा कॅलेंडरवर बोट ठेवून मोजाव्यात. चालकाबद्दल मौन पाळता येते, पण खोटे कधीही लिहू नये. कोर्टाच्या कागदांवर ‘यातील मजकूर खरा आहे’ असे जे सत्यतेचे विधान सही करून द्यायचे असते, त्याखाली खोटे लिहिणे हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो.

क्लेम फॉर्म आला की त्यावरची जारी केल्याची तारीख पाहावी. त्या तारखेत पाच दिवस मिळवले की फॉर्म पोहोचल्याचे मानले जाते, आणि तिथून १४ दिवसांत तो मिळाल्याची पोच कोर्टाला द्यायची असते. पोच दिली की डिफेन्ससाठी, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्यासाठी, फॉर्म पोहोचल्यापासून एकूण २८ दिवस मिळतात. उदाहरणार्थ, फॉर्म ३ मार्चला जारी झाला असेल तर तो ८ मार्चला पोहोचला असे धरतात, पोच २२ मार्चपर्यंत आणि डिफेन्स ५ एप्रिलपर्यंत द्यावा लागतो. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. ऑनलाइन पोच देताना संपूर्ण दावा लढवणार असल्याचा पर्याय निवडावा आणि डिफेन्सच्या चौकटीत त्या दिवशी एक अक्षरही लिहू नये, कारण तिथे लिहिलेल्या दोन रागाच्या ओळीच आपला डिफेन्स म्हणून धरल्या जाऊ शकतात.

डिफेन्स म्हणजे आपल्याकडच्या न्यायालयांत जिला कैफियत म्हणतात ती. तिच्यात कोणता मुद्दा मान्य आहे, कोणता नाकारला आहे आणि का, हे क्रमांक घालून लिहावे. फलक दिसत नव्हता, नोटीस मुदतीत आली नाही, जमीनमालकाने कंपनीला दावा करण्याचा अधिकार दिल्याचा पुरावा नाही, दाव्यात नेमका कोणता करार मोडला हेच सांगितलेले नाही, मूळ रकमेवर चढवलेल्या ६० किंवा ७० पौंडांना आधार नाही; यांतले जे खरोखर लागू असेल तेवढेच घ्यावे. कुठून तरी उतरवलेली वीस पानी कैफियत न्यायाधीशांना लगेच ओळखू येते. कंपनी बहुधा २०१५ चा पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करील, त्यामुळे तो आधीच वाचून ठेवावा. चेल्म्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तास विनामूल्य मुभा असताना एक वाहनचालक ५६ मिनिटे जास्त थांबला होता आणि त्याला लावलेले ८५ पौंड न्यायालयाने योग्य ठरवले. पण तिथे प्रवेशद्वारापाशी आणि आतही जागोजागी मिळून वीसेक मोठे, ठळक फलक होते. आपल्या वाहनतळावर तसे नव्हते असे म्हणायचे असेल तर ते दाखवावे लागते, आणि दाखवायचे म्हणजे फोटो, आणि फोटो म्हणजे पुन्हा विटनेस स्टेटमेंट. माझी चूक नेमकी इथे झाली. कैफियतीत सगळे लिहिले आहे, आता सुनावणीला जाऊन मोबाइल दाखवायचा, असे मी धरून चालले. ऑनलाइन कैफियतीला फोटो जोडता येत नाहीत. कैफियत हा आपला पवित्रा आहे, पुरावा वेगळा द्यावा लागतो, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

यानंतर एन१८० ही प्रश्नावली येते. तिच्यात जवळचे कोर्ट लिहावे आणि भारतात जाण्याच्या, लग्नकार्याच्या, शस्त्रक्रियेच्या तारखा न विसरता नोंदवाव्यात. नंतर तारीख बदलून मागणे कठीण जाते. प्रत समोरच्यालाही पाठवावी. मग फोनवरची मध्यस्थी असते. ती विनामूल्य असते, तासाभराची असते आणि २२ मे २०२४ पासून अशा लहान दाव्यांत ती बंधनकारक केली गेली आहे. फोन उचलावा. तडजोड करायलाच हवी असे नाही.

मग कोर्टाचा आदेश येतो. पहिल्या परिच्छेदात सुनावणीची तारीख असते आणि बहुतेक जण तेवढी लिहून घेऊन कागद ठेवून देतात. मीही तेच केले. खालच्या परिच्छेदात, त्याच बारीक टायपात, दोन्ही पक्षांनी ज्या कागदांवर भिस्त ठेवायची ते सर्व आणि साक्षीदारांची निवेदने अमुक तारखेपर्यंत कोर्टाकडे व एकमेकांकडे पाठवावीत असे लिहिलेले असते. ही तारीख बहुधा सुनावणीच्या १४ दिवस आधीची असते. ती सुनावणीच्या तारखेपेक्षा महत्त्वाची आहे. तिच्याखाली लाल रेघ ओढावी, भिंतीवर लावावी, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्येही तिची आठवण लावावी. प्रतिवादी स्वतःच साक्षीदार असतो, म्हणून ‘माझा साक्षीदार कोणी नाही, तेव्हा हा परिच्छेद मला लागू नाही’ हा माझा समज साफ चुकीचा होता.

विटनेस स्टेटमेंट प्रथमपुरुषी लिहावे, परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, घडले त्या क्रमाने सांगावे, आणि प्रत्येक विधानाशेजारी त्याचा पुरावा कोणत्या पानावर आहे हे लिहावे. फोटो पूर्ण पानाचे आणि रंगीत छापावेत. अंधारातला फोटो काळ्या-पांढऱ्या छपाईत निव्वळ शाईचा डाग होतो. सर्व पानांना सलग क्रमांक द्यावेत. शेवटी सत्यतेचे विधान ठरलेल्या शब्दांत घालून सही आणि तारीख करावी. सहीविना पाठवलेले निवेदन पाठवून न पाठवल्यासारखेच. मग एक प्रत कोर्टाला आणि एक प्रत समोरच्या वकिलांना पाठवावी. दोघांनाही. फक्त कोर्टाला पाठवले तर आक्षेप येतो आणि फक्त वकिलांना पाठवले तर न्यायाधीशांपुढे काही नसते. ईमेलने पाठवल्यास विषयात दावा क्रमांक आणि सुनावणीची तारीख घालावी व आलेले पोचपत्र छापून ठेवावे; संच जाड असेल तर कागदी प्रत द्यावी आणि पोस्टात विनामूल्य मिळणारे सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग मागून घ्यावे. आठवड्याने कोर्टाला फोन करून विटनेस स्टेटमेंट फाइलला लागले का हे विचारावे. तासभर थांबावे लागले तरी विचारावे.

समोरच्याचे निवेदन आले की त्यातील फोटोंच्या तारखा, फलकांचा नकाशा आणि जमीनमालकाशी झालेल्या कराराची मुदत तपासावी.

सुनावणीला अर्धा तास आधी पोहोचावे, आपल्या संचाच्या दोन प्रती न्याव्यात, न्यायाधीशांना ‘जज’ म्हणावे आणि मध्ये बोलू नये. इंग्रजीत बोलताना अडखळत असाल तर नातेवाईक किंवा मित्र आपल्या वतीने बोलू शकतो, मात्र आपण स्वतः हजर असले पाहिजे. जिंकल्यास बुडालेल्या पगारासाठी दिवसाला ९५ पौंडांपर्यंत आणि प्रवासखर्च मागता येतो. पगाराचे पत्र सोबत ठेवावे. हरल्यास कोर्टाने दिलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम भरून पावती जपून ठेवावी.