कॉन्ट्रिबमधला कोड अद्ययावत करण्यापूर्वीची तयारी

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोर्स ट्रीमध्ये (तिच्या सगळ्या कोडच्या डिरेक्टरीत) बाहेरून, म्हणजे दुसऱ्या मूळ प्रकल्पांकडून घेतलेला कोड एकाच जागी नसतो. बराचसा 'कॉन्ट्रिब' डिरेक्टरीत, ओपनएसएसएच आणि ओपनएसएसएल 'क्रिप्टो'त, तर कर्नलशी जोडलेला ओपनझेडएफएस (फाइल सिस्टिम) 'सिस/कॉन्ट्रिब'मध्ये असतो. म्हणून नवी आवृत्ती आणायला बसण्यापूर्वी मूळ कोड कोठे आहे आणि त्याची मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) कोठे आहे, या दोन्ही जागा शोधून ठेवाव्यात. एक्सपॅट या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीचा कोड 'कॉन्ट्रिब/एक्सपॅट'मध्ये आहे, पण त्याची मेकफाइल आणि आधीच तयार करून ठेवलेली कॉन्फिग हेडर फाइल 'लिब/लिबएक्सपॅट'मध्ये आहे. ही फाइल नव्या आवृत्तीशी जुळते का, हे हाताने तपासावे लागते, कारण अशी फाइल एरवी तयार करणारी मूळ प्रकल्पाची कॉन्फिगर स्क्रिप्ट इथे चालवली जातच नाही.

परवान्याची फाइल नव्याने वाचावी. जीपीएल या परवान्याची तिसरी आवृत्ती स्वीकारायची नसल्यामुळे फ्रीबीएसडीतला जीसीसी हा कंपायलर 4.2.1 वर थांबला आणि 2020 मध्ये ट्रीमधून काढला गेला.

त्यानंतरचे काम व्हेंडर ब्रँचचे, म्हणजे बाहेरचा कोड ठेवण्यासाठी गिटमध्ये (आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) राखलेल्या शाखेचे, आणि माझ्या मते सर्वाधिक काळजी इथेच घ्यायला हवी. या ब्रँचवर मूळ लेखकांचा कोड जसाच्या तसा राहिला पाहिजे. आपली एकही ओळ तिथे जाता कामा नये, कारण पुढच्या प्रत्येक मर्जच्या (दोन शाखा एकत्र करण्याच्या) वेळी आपला बदल कोणता आणि त्यांचा कोणता हे याच ब्रँचवरून कळते. झेडलिब ही कॉम्प्रेशन लायब्ररी आणायची असेल तर 'व्हेंडर/झेडलिब' ब्रँचचे वेगळे वर्कट्री (कामाची डिरेक्टरी) काढावे, त्यातल्या जुन्या फाइली आधी पूर्ण काढून टाकाव्यात आणि मगच नव्या ठेवाव्यात. नुसत्या वरून कॉपी केल्या तर मूळ प्रकल्पाने वगळलेल्या फाइली आपल्याकडे वर्षानुवर्षे पडून राहतात. मूळ प्रकल्पाची 'डॉट गिटइग्नोर' फाइल सोबत आली असेल, तर तिच्यामुळे काही नव्या फाइली 'गिट ॲड'मधून मुकाट्याने सुटतात; म्हणून कमिटपूर्वी फाइलींची यादी टारबॉलमधल्या (मूळ प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या संग्रह फाइलीतल्या) यादीशी ताडून पाहावी.

काय आणायचे नाही हेही आधीच ठरवावे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत मागचे दार (बॅकडोर, म्हणजे मुद्दाम दडवलेली गुप्त वाट) सापडले, तेव्हा त्याची सुरुवात करून देणारी एम4 फाइल (बिल्ड स्क्रिप्टचा भाग) टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती, आणि घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता. फ्रीबीएसडीने 5.6.0 आणली होती. परंतु ते भाग आयातीतून वगळलेले होते आणि मूळ प्रकल्पाची बिल्ड पद्धतही इथे वापरात नव्हती. शिवाय त्या हल्ल्याचे लक्ष्य लिनक्स होते. टारबॉल आणि गिटमधला टॅग यांची तुलना मी तेव्हापासून कधीही टाळत नाही.

आयात कमिट करून तिला आवृत्तीचा टॅग द्यावा आणि नंतर मुख्य ब्रँचवर 'गिट सबट्री मर्ज' करावे. त्याआधी 'कॉन्ट्रिब' आणि जुना टॅग यांच्यातला डिफ (ओळींतला फरक) काढून फाइलमध्ये ठेवावा: तो म्हणजे आपल्या स्थानिक बदलांची खरी यादी. त्यातला प्रत्येक बदल अजून लागतो का, मूळ प्रकल्पाने तो स्वीकारला आहे का, नसेल तर त्यांच्याकडे पाठवता येईल का, हे एकेक करून ठरवावे. मर्ज झाल्यावर हाच डिफ पुन्हा काढून आधीच्याशी लावून पाहावा. पुश करताना मुख्य ब्रँचवर आधीच दुसऱ्या कोणाची कमिट गेलेली आढळली, तर साधा रिबेस (आपली कमिट नव्या टोकावर पुन्हा बसवणे) करू नये. त्यात मर्जचा धागा तुटतो. मुख्य ब्रँच ताजी करून मर्ज पुन्हा करावे.

लायब्ररीचा एबीआय (तयार प्रोग्रॅम तिच्याशी जोडले जाण्याची बायनरी पद्धत) बदलला असेल तर तिचा मुख्य क्रमांक वाढवावा आणि जुनी फाइल 'ऑब्सोलीटफाइल्स डॉट इंक'मध्ये नोंदवावी, म्हणजे वापरकर्त्याच्या यंत्रावर 'मेक डिलीट-ओल्ड-लिब्ज' तिला काढू शकेल. 'मेक बिल्डवर्ल्ड' (कर्नल सोडून सगळी मूळ प्रणाली बांधणे) केवळ आपल्या 64 बिटांच्या एएमडी64 यंत्रावर पार पडले म्हणून थांबू नये. 32 बिटांच्या आर्किटेक्चरसाठीही ते चालवून पाहावे. कमिट संदेशात 'एमएफसी आफ्टर'ची मुदत (बदल स्टेबल ब्रँचवर किती काळाने न्यायचा ते) लिहावी, आणि ती संपल्यावर स्टेबल ब्रँचवर चेरी-पिक करताना (ती एकच कमिट उचलून नेताना) हे मर्ज कमिट असल्यामुळे '-एम 1' (फरक कोणत्या शाखेच्या तुलनेत धरायचा ते सांगणारा पर्याय) द्यायला विसरू नये.