बंदरात आलेलं शिडाचं जहाज रंगवताय? या चुका टाळा

शिडाचं मोठं जहाज धक्क्याला लागलं की वह्या, रंगपेट्या घेऊन लोक जमतात, आणि बहुतेक जण सुरुवात करतात ती दोरांपासून. शेकडो दोर, त्यांचं जाळं, त्यातून दिसणारं आभाळ! मोह होणारच. पण तासाभराने कागदावर कोळ्याचं जाळं तयार असतं आणि त्याखाली जहाज कुठेच बसत नाही. दोर सगळ्यांत शेवटी. आधी पाण्याची रेघ, मग जहाजाचं धड, मग डोलकाठ्या, मग त्यांच्यावरच्या आडव्या काठ्या. या काठ्या डोलकाठीच्या पुढच्या अंगाला असतात आणि वर जावं तशा आखूड होत जातात, एवढं सांभाळलं तरी अर्धं काम होतं.

किती डोलकाठ्यांवर आडव्या काठ्या आहेत तेही आधी मोजा. भारतीय नौदलाच्या 'तरंगिणी'ला तीन डोलकाठ्या आहेत, पण आडव्या काठ्या पुढच्या दोघींवरच. सगळ्यांत मागची मोकळी. अशा जहाजाला बार्क म्हणतात. इटलीच्या 'अमेरिगो व्हेस्पुची'च्या (१९३१) मात्र तिन्ही डोलकाठ्यांवर आडव्या काठ्या आहेत. सवयीने हात तिसरीवरही काठ्या काढून मोकळा होतो आणि मग नाव एका जहाजाचं, चित्र दुसऱ्याचं.

क्षितिजाची चूक सगळ्यांत जास्त दिसते आणि सगळ्यांत कमी लोकांना कळते. क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. समजा, धक्का पाण्यापासून तीन मीटर उंच आहे आणि तुम्ही बसलेले आहात, म्हणजे डोळे पाण्यापासून साधारण चार मीटरांवर. तर समोरचं प्रत्येक जहाज, जवळचं असो की लांबचं, क्षितिज त्याला पाण्यापासून चार मीटरांवरच कापणार. 'व्हेस्पुची'ची मधली डोलकाठी पाण्यापासून ५४ मीटर उंच. म्हणजे क्षितिज तिच्या तेराव्या-चौदाव्या हिश्शाला. आपण ते सरसकट तिसऱ्या हिश्शाला नेऊन ठेवतो. त्यामुळे जहाज खेळण्यातलं दिसतं आणि बघणारा हेलिकॉप्टरमध्ये बसल्यासारखा. चित्र बरंच पुढे गेलं असेल तर जहाजाला हात लावू नका, क्षितिज खाली आणा. थोडं धुकं घातलंत तर जुनी रेघही लपते.

भरती-ओहोटी विसरू नका. मी एकदा सकाळी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, अगदी मन लावून काढली. दोन तासांनी मागच्या भागाकडे वळलो, तोवर धक्क्याच्या वर दिसणारा जहाजाचा कठडा धक्क्याच्या खाली गेला होता. तरी मी रेटलंच. चित्रात जहाजाची नाळ भरतीत आणि मागचा भाग ओहोटीत! तेव्हापासून पहिल्या पंधरा मिनिटांत पाण्याची रेघ आणि कठडा ठरवतो, कोपऱ्यात वेळ लिहितो आणि नंतर समोर काय होतंय त्याकडे दुर्लक्ष करतो. बांधलेले दोर ताणलेले होते की सैल, तेही त्याच वेळचं धरायचं.

घरी येऊन तेच जहाज भर समुद्रात, शिडं भरलेली असं रंगवताना निशाण घात करतं. मोटारीवरचं निशाण मागे फडकतं, कारण मोटार वाऱ्यापेक्षा जोरात पळते. शिडाचं जहाज वाऱ्यावरच चालतं. वारा पाठीमागून असेल तर निशाण नाळेकडे फडकणार. शिडं पुढे फुगलेली आणि निशाण मागे, असं चित्र खलाशाला दाखवून बघा! दुरुस्ती सोपी: शिडं राहू द्या, निशाण फिरवा.

कोणी म्हणेल, इंग्रज चित्रकार टर्नरनेही कुठे खरं रंगवलं? १८३९च्या चित्रात त्याने 'टेमेरेअर' या जुन्या युद्धनौकेला डोलकाठ्या दिल्या. १८३८ साली तोडायला ओढून नेताना त्या काढून टाकलेल्या होत्या. खरंय. पण त्याने ते ठरवून केलं. आपल्या हातून होतं ते बहुधा मोबाइलमुळे. जवळ उभं राहून, फोन वर उचलून काढलेल्या फोटोत डोलकाठ्या वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकतात आणि आपण त्या तशाच उतरवतो. मागे सरका, फोन सरळ धरा आणि झूम करा.

प्रतिबिंबात उजळ भाग जरा गडद घ्या, गडद भाग जरा उजळ.

आता दोर. यासाठी लांब केसांचा बारीक ब्रश मिळतो, त्याचं नावच रिगर. जहाजाचे दोर काढण्यावरून पडलेलं. रंग पातळ ठेवा आणि बोटांनी नव्हे, खांद्यापासून हात ओढा. डोलकाठीला धरून ठेवणारे दोर गडद आणि ताठ, शिडं ओढायचे दोर फिके आणि जरा झोल असलेले. पट्टी लावू नका. दहातले सात दोर सोडून द्या, उरलेल्यांतलेही काही अर्ध्यावर आभाळात विरू द्या. एखादा जाड पडलाच तर वाळण्याआधी ओलसर, स्वच्छ ब्रशने टिपून घ्या.