सीव्हॅटमध्ये मर्ज कधी, ग्रुप कधी आणि स्प्लिट कधी?

मी सीव्हॅट (CVAT) या सॉफ्टवेअरमध्ये रहदारीच्या व्हिडिओंचं अ‍ॅनोटेशन करते, म्हणजे मॉडेलला शिकवण्यासाठी प्रत्येक वाहनाभोवती आकार आखून त्याला नाव देते. कामाला नवीन लागलेल्यांचा एक प्रश्न हमखास येतो: मधे विजेचा खांब आल्याने बसचे दोन तुकडे झालेत, दोन्ही पॉलिगॉन (कडेने आखलेले बहुकोनी आकार) मर्ज का होत नाहीत?

कारण सीव्हॅटमधलं मर्ज आकार चिकटवत नाही, काळ जोडतं. वेगवेगळ्या फ्रेममधले (व्हिडिओतल्या एकेका चित्रातले) एकाच लेबलचे शेप घेऊन त्यांचा एक ट्रॅक, म्हणजे एकाच वस्तूचा सलग माग, करतं. एकाच फ्रेममधले दोन शेप त्याला चालत नाहीत. बससाठी ग्रुप वापरा: 'जी' दाबा, दोन्ही तुकडे निवडा, पुन्हा 'जी'. कोको (COCO) या अ‍ॅनोटेशन साठवायच्या फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करताना त्यांची एकच वस्तू होते. गुणधर्म मात्र सगळ्यात मोठ्या तुकड्याचे धरले जातात, म्हणून ते त्याच्यावर नीट भरा. मास्क (पिक्सेल रंगवून केलेले आकार) असतील तर ते एक करायला जॉइन आहेच.

खरी परीक्षा स्प्लिटची, म्हणजे एक ट्रॅक एका फ्रेमवर दोन भागांत तोडण्याची. दोन रिक्षा एकमेकींना ओलांडून जातात आणि ट्रॅक अदलाबदल होतात. बॉक्स दिसायला अगदी बरोबर असतात, म्हणून ही चूक नजरेतून सुटते. पण ट्रॅकिंगमध्ये ओळख बदलणं ही वेगळी मोजली जाणारी चूक आहे, आणि ती डेटातच असेल तर मॉडेल तेच शिकणार. अशा वेळी बॉक्स हलवत बसू नका. ओळख जिथे पहिल्यांदा बदलली त्या फ्रेमवर थांबा, दोन्ही ट्रॅक स्प्लिट करा, मग पहिल्याचा आधीचा भाग दुसऱ्याच्या नंतरच्या भागाशी मर्ज करा आणि उरलेले दोन भागही तसेच एकमेकांशी मर्ज करा. एक फ्रेम मागेपुढे झाली तरी तिथे चुकीचा बॉक्स राहतो, म्हणून इथे घाई नको.

स्लाइस वेगळं. खेटून लावलेल्या दोन दुचाकींवर एकच पॉलिगॉन पडला असेल तर कडेपासून कडेपर्यंत रेघ ओढून त्याचे दोन करता येतात. सोपं आहे, दोनदा केलं की हात बसतो.

मर्ज झाल्यावर मात्र तो ट्रॅक सुरुवातीपासून एकदा चालवून बघा. कीफ्रेमच्या, म्हणजे जिथे बॉक्स आपण स्वतः ठरवला त्या फ्रेमच्या, मधल्या जागा सॉफ्टवेअर स्वतः भरतं. त्यामुळे रिक्षा ट्रकमागे पूर्ण लपली असताना बॉक्स ट्रकवरूनच सरकताना दिसेल. तिथे 'आउटसाइड' (वस्तू फ्रेममध्ये नाही) लावायचं की 'ऑक्लुडेड' (वस्तू झाकली गेली आहे), हे प्रोजेक्टच्या गाईडलाइनमध्ये आधीच वाचून ठेवा.