नवीन पिकअपच्या रंगात फॅक्टरीचा दोष निघाला तर

पिकअपचा रंग तपासायचा तो पासिंगच्या आधी. नंबर पडला, विमा निघाला, हार घालून गाडी बाहेर आली की दाराखालचा ओघळ ‘तुमच्याकडूनच काहीतरी झालं असेल’ ठरायला वेळ लागत नाही. म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा: चेसिस नंबर मिळाला की गाडी धुऊन, उघड्यावर उभी करून बघणार, मगच उरलेले पैसे आणि पासिंग.

सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. डोक्यावरच्या उन्हात आणि शोरूमच्या झगमगाटात बारीक दाणे दिसत नाहीत. डोळा पत्र्याच्या जवळजवळ समांतर न्या आणि बॉनेट, छप्पर, दारं, हौद्याच्या बाजू या क्रमाने फिरा. मग सावलीत, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पडेल असं उभे राहा. प्रतिबिंबाची कड सरळ दिसली तर थर सपाट आहे. ती थरथरल्यासारखी दिसली तर संत्र्याच्या सालीसारखा पोत आहे. पिकअपवर हा पोत थोडाफार असतोच. सगळ्या पत्र्यांवर सारखा असेल तर त्याच्या मागे लागू नका. तो घासून काढण्यात वरचा थर फुकट जातो. एकाच दारावर वेगळा दिसला तर मात्र थांबा. ते दार नंतर रंगवलेलं असू शकतं.

हा संशय जाडी मोजायच्या यंत्राने फिटतो. कारखान्यात पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसतो, साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर, मग रंग आणि बहुतेक गाड्यांवर शेवटी क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. सगळं मिळून साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतं. यंत्र सोबतच्या पट्टीवर शून्य करून घ्या आणि प्रत्येक पत्र्यावर पाच ठिकाणी मोजा. डाव्या फेंडरवर ११० आणि उजव्यावर २६० आलं तर उजवा पुन्हा रंगवलेला आहे. ५०० च्या पुढे आकडा गेला तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असण्याची शक्यता मोठी. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे साधं यंत्र चालत नाही. यंत्र नसेल तर फेंडरच्या बोल्टची डोकी बघा, पान्याचे ओरखडे दिसतात का. दाराच्या रबरी बीडिंगची कड उचलून खाली रंगाची रेघ आहे का तेही बघा.

हौदा वेगळ्याने तपासायचा, कारण पिकअप तिथूनच आधी सडते. फाळक्याच्या बिजागऱ्या, कड्या, वेल्डिंगचे सांधे, तळातली पाणी निघायची भोकं, सगळीकडे बोट फिरवा. सांध्यात सीलंट सलग हवं. मध्ये तुटलेलं असेल तर पाणी आत राहतं आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तांबूस ओघळ दिसू लागतात. पत्र्याच्या धारदार कडेवर रंग मुळातच पातळ बसतो, तिथे राखाडी प्रायमर दिसत असेल तर फोटो काढा. नुसती केबिन-चेसिस घेऊन हौदा बाहेर बांधून घेतला असेल, तर त्या रंगाची जबाबदारी बॉडी बांधणाऱ्याची. त्याच्याकडून वेगळं लिहून घ्या.

पांढऱ्या गाडीवर सगळ्यात जास्त घाबरवतात ते नारिंगी ठिपके. नवी गाडी आणि गंज! बहुतेक वेळा तो पत्र्याचा गंज नसतो. रेल्वेरुळाजवळ किंवा कारखान्याजवळच्या यार्डात गाडी उभी राहिली की लोखंडाचे बारीक कण रंगात रुततात आणि तेच गंजतात. थंड पत्र्यावर, सावलीत आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण) फवारा. तीन-चार मिनिटांत ठिपक्यांभोवती जांभळे ओघळ आले तर कण वरचे आहेत. सुकू न देता भरपूर पाण्याने धुवा, उरलेल्यांवर साबणाच्या पाण्यासोबत क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा. ठिपका तसाच राहिला आणि भोवतीचा रंग फुगलेला असेल तर गंज खालून येतोय. ते काम वॉरंटीचं.

बाकीच्या दोषांची पारख खोलीवरून होते. दाणा आणि ओघळ पृष्ठभागाच्या वर असतात, ते उतरवता येतात. बशीसारखे गोल खड्डे तेलाच्या किंवा सिलिकॉनच्या अंशामुळे पडतात. सुईच्या टोकाएवढी छिद्रं जाड थरात अडकलेलं थिनर भट्टीत उसळून बाहेर पडल्याने होतात. हे दोष खाली जातात, त्यामुळे पॉलिशने जात नाहीत. पॉलिश मारल्यावर छिद्रात पांढरी पेस्ट भरते, दोन दिवस सगळं गुळगुळीत दिसतं आणि पहिल्या धुण्यात छिद्रं परत उघडी पडतात. ‘रबिंग मारून देतो’ असं कोणी म्हणालं तर छिद्रांवर हात लावू देऊ नका.

बॉनेटवर एखाददुसरा दाणा असेल तर तो घरी निघतो. २००० नंबरचा वॉटर पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, नखाएवढा तुकडा सपाट रबराच्या ठोकळ्यावर लावा. पाण्यात शाम्पूचे दोन थेंब. बोटाने थेट घासू नका, बोटाखाली खळगा पडतो. आठ-दहा छोटे फेरे, पुसा, बघा, पुन्हा. दाणा पत्र्याशी समतल झाला की ३००० चा कागद, मग कंपाउंड, मग पॉलिश. ओघळ असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून फक्त उंचवटा १५०० ने उतरवा, टेपला कागद लागू लागला की टेप काढून २००० वर या. मूळ थरातून ८-१० मायक्रॉनपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. उन्हापासून रंगाला वाचवायचं काम क्लिअर कोटचं. तो पातळ झाला की काही वर्षांत तिथेच पांढुरके पोपडे सुटतात. कडा आणि पत्र्याच्या घड्या तर घासूच नका. वॉरंटीत दावा करायचा असेल तर यातलं काहीही करण्याआधी तक्रार नोंदवा, नाहीतर बोट तुमच्याकडेच वळेल.

तक्रारीसाठी प्रत्येक दोषाचे दोन फोटो: एक लांबून, कुठला पत्रा ते कळेल असा, एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. सोबत चेसिस प्लेटचा फोटो. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, ‘रंग तपासणे’ असं मोघम लिहू देऊ नका. ‘डावं मागचं फाळकं, ६ सेंमी ओघळ, डिलिव्हरीपूर्वी आढळला’ असं लिहून घ्या आणि सही घ्या. डिलिव्हरीसोबत गळ्यात मारलं जाणारं टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग आत्ता नको म्हणा. त्याने दोष झाकले जातात, आणि पत्रा पुन्हा रंगवायचा झाला तर तो थर आधी पूर्ण काढावा लागतो.

पुन्हा रंगवायची वेळ आली तर हे लक्षात घ्या: कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांवर भाजला जातो, वर्कशॉपमध्ये वायरिंग आणि प्लॅस्टिकमुळे ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. म्हणून तिथे हार्डनर मिसळायचा टू-पॅक रंगच हवा. दोष वरच्या थरात असेल तर पत्रा उघडा पडेपर्यंत घासू देऊ नका. खालचा मूळ गंजरोधक थर पुन्हा तसा बसवता येत नाही. हँडल, बीडिंग, दिवे काढून रंगवायला सांगा. गाडी मेटॅलिक असेल तर शेजारच्या पत्र्यावर रंग विरवत न्यावा लागतो, नाहीतर उन्हात पट्टा दिसतो. काम झाल्यावर आठवडाभर प्रेशरचं पाणी नको, महिनाभर वॅक्स नको.

डीलर ऐकत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं ऐकवलं जातं. पण स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठीच घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. ५ ते १० लाखांच्या गाडीला शुल्क २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. सही केलेलं जॉब कार्ड आणि ते फोटो तिथेही लागतात, म्हणून मूळ प्रती गाडीच्या कप्प्यात न ठेवता घरी ठेवा.