नागपूरहून कोकणातली देवळं: गाडीवाल्यांसाठी टीप

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. निघण्याआधी टायर तपासा, आणि नागपूर ते हरिहरेश्वर एका दमात मारण्याचा हट्ट धरू नका. मध्ये मुक्काम हवाच.

पुढे सागरी रस्ता धरलात तर खाड्या फेरीबोटीने, गाडीसकट ओलांडा: बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. वाटेत आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हेदवीचा दशभुज गणेश, शेवटी गणपतीपुळे. फेरीची शेवटची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा; चुकली तर मोठा वळसा पडतो.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राच्या खडकांवरून जाते, ती ओहोटीतच करावी. पौर्णिमा-अमावास्येला साधारण दुपारी बाराला भरती असते. आपल्याकडचे लोक नेमके पौर्णिमा गाठून जातात, तेव्हा प्रदक्षिणा पहाटेच उरका.